एका जवळच्या माणसाचं ऑपरेशन

ता. ९ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

शिरसाष्टांग नमस्कार.

फोन न करता पत्र लिहितोय, त्याचं कारण तुला ठाऊकच आहे. मी बोललेलं तुला ऐकू येत नाही आणि तू बोललेलं तुझ्या अख्ख्या जिन्याला ऐकू येतं. मोबाईलवरची बारीक अक्षरं तुला दिसत नाहीत. तेव्हा शाईपेनच बरं.

इकडे सगळं ठीक. दुकानात एका हॉटेलच्या नोकरांचे कोट शिवायला आलेत. मी कापतो, बाकीचे शिवतात, काजवाल्या मावशी काजं-बटणं करतात आणि मालक सगळ्यांवर ओरडतात. तुझी सूनबाई मजेत आहे. चष्म्याच्या दुकानात तिचं बस्तान चांगलं बसलंय. गिऱ्हाईक फ्रेम लावून आरशात बघायला लागलं की ते काय बोलणार, हे तिला आधीच कळतं म्हणे.

एक विचारायचं होतं. तू इतकी वर्षं प्लास्टिक सर्जरीच्या वॉर्डात काढलीस, म्हणून तुलाच विचारतो. आमच्या अगदी जवळच्या एका माणसाला छातीचं ऑपरेशन करून घ्यायचं आहे. आजार काही नाही. आकाराचा प्रश्न आहे. त्या माणसाला लहानपणापासून त्याची फार लाज वाटते. चारचौघांत वावरताना सारखा तोच विचार. लग्नानंतर तर जास्तच.

असं ऑपरेशन सोपं असतं का? एका दिवसात घरी येता येतं का? खुणा राहतात का? आणि मुख्य म्हणजे घरच्यांना न कळता होतं का?

तिला यातलं काही बोलू नकोस. म्हणजे कुणालाच बोलू नकोस.

तुझा,
बाळ्या


ता. १५ फेब्रुवारी

चि. बाळ्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि चहा तसाच गार झाला. अरे मेल्या, आत्याशी कसले आडपडदे ठेवतोस? 'जवळचं माणूस' म्हणे! लग्न झालेलं, लहानपणापासून लाजणारं, आणि वर 'तिला बोलू नकोस'. एवढं न कळायला माझे कान गेलेत, डोकं नाही.

सूनबाई शिडशिडीत आहे. असेना का! तिच्या मनात हे कुणी भरवलं? तू असशील तर तुझा कान धरायला मी पहिल्या गाडीने येते.

वॉर्डात मी तऱ्हेतऱ्हेची माणसं पाहिली. भाजलेली, अपघातात चेहरा गेलेली, जन्मतःच ओठ दुभंगलेली. तिथेच नाक-छाती-पोट नीट करून घ्यायला आलेलीही पाहिली आणि त्यांना मी कधी हसले नाही. मनाला सल असतो तो असतो. पण आमचे मोठे डॉक्टर पहिला प्रश्न एकच विचारायचे: "हे कुणाला हवंय?" बाई नवऱ्याच्या तोंडाकडे बघायला लागली की ते पेनाला टोपण लावायचे.

तू सोपं आहे का विचारतोस. कापणाऱ्याला सोपं असतं, बाळ्या, ज्याचं कापतात त्याला नाही. भूल ही भूलच असते. खूण राहतेच, चांगला हात असेल तर ती लपेल अशा जागी राहते, एवढंच. बधिरपणा येतो, कधी जातो, कधी जात नाही. दोन बाजू तंतोतंत सारख्या देवानेही केल्या नाहीत, तर डॉक्टर कुठून करणार? जो म्हणेल "शंभर टक्के खात्री देतो", त्याच्या दारातून उलट्या पावली परत फिरावं. जाहिरातीतले आधीचे आणि नंतरचे फोटो बघून तर मुळीच जाऊ नये. कापड दुकानाच्या काचेत ज्या पुतळ्याला कोट चढवतात, त्याच्या पाठीमागे टाचण्या लावलेल्या असतात, हे तुला मी सांगायला हवं का?

डॉक्टर याच विद्येचा आहे का, भूल देणारा वेगळा आहे का, काही बिघडलं तर अवेळी फोन कोण उचलणार, हे विचारावं. आणि स्वतःबद्दल काही लपवू नये. सिगरेट, दारू, आधीची आजारपणं, अगदी डोकेदुखीची साधी गोळीसुद्धा सांगावी. लाजेपोटी माणसं नेमकं जे सांगायला हवं तेच गिळतात.

घरच्यांना न कळता? असलं खूळ डोक्यातून काढून टाक.

सूनबाईला मी वेगळं चार ओळींचं पत्र टाकलंय. तू 'बोलू नकोस' म्हणालास, पण अशा वेळी बाईने बाईशी बोललेलं बरं.

तुझी,
आत्या


ता. १५ फेब्रुवारी

चि. सौ. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

पोरी, बाळ्याने मला तुझ्या छातीच्या ऑपरेशनबद्दल विचारलंय. त्याचा राग धरू नकोस. पुरुषांना कधी कधी कळत नाही आपण काय बोलतो ते. तू आहेस तशी छान आहेस. ज्याला लग्नाच्या वेळी चाललीस, त्याला आता का चालू नयेस? कुणाच्या म्हणण्याखातर अंगाला सुरी लावून घेऊ नकोस. तुला स्वतःला मनापासून हवं असेल तर मात्र मला लिही. मी तुझ्याबरोबर डॉक्टरकडे येईन.

तुझी,
आत्या


ता. २२ फेब्रुवारी

ती. आत्यांस सा. न.

आपलं पत्र मिळालं. आपण मायेने लिहिलंत, त्याबद्दल आभारी आहे.

मला ऑपरेशन करायचं नाही. तसं मी कधी कुणाला म्हटलंही नाही. हे सगळं मला आपल्या पत्रातूनच कळलं.

खरं सांगायचं तर बरं झालं. कोडं सुटलं. लग्नाला वर्ष होत आलं, पण हे माझ्यापासून चार हात लांब असतात. मी खोलीत आले की काहीतरी काम काढून बाहेर जातात. उकाड्याने जीव जात असला तरी शर्टाचं वरचं बटण काढत नाहीत. जवळ गेले तर अंग चोरतात. मला वाटायचं, स्वभाव लाजरा आहे, येईल सवय. माझंच चुकत असेल म्हणून मी नवे कपडे घेतले, केस कापून बघितले. एकदा विचारलंही, "मी आवडत नाही का?" तर म्हणाले, "असं काही नाही." आता कळलं, तसंच होतं.

माझं अंग पाटासारखं सपाट आहे हे मला शाळेपासून ठाऊक आहे. मैत्रिणी चेष्टा करायच्या. पण नवऱ्याने ते तोंडावर न सांगता आत्याला लिहून विचारावं, आणि तेही कुणाला न कळता उरकता येईल का असं विचारावं, याची इतकी लाज वाटली की त्या दिवशी दुकानात गिऱ्हाईकासमोर आरसा धरताना त्यात माझं प्रतिबिंब येऊ नये म्हणून मी बाजूला सरकत होते.

मी आजच आईकडे जातेय. भांडण केलेलं नाही. आपलं पत्र टेबलावर ठेवलंय, ते वाचतील.

आपली,
सून


ता. २४ फेब्रुवारी

आत्या,

तू हे काय करून बसलीस!

ते माणूस मी आहे.

लिहिलं एकदाचं. आता पुढचं लिहिता येईल.

मला छाती आहे, आत्या. बाईसारखी. बारावं-तेरावं वर्ष लागलं तेव्हा सुरू झालं. तू तेव्हा बदलीच्या गावी होतीस. आई म्हणाली, वजन कमी कर. मी काठीसारखा झालो, पण ते गेलं नाही. शाळेत कवायतीला पळायचं म्हटलं की मी पोटात दुखतंय म्हणायचो. वर्गातल्या पोरांनी मला 'वहिनी' नाव ठेवलं होतं. मास्तरांना ते ऐकू यायचं, तेही हसायचे. नदीवर, तलावावर, कुठे कधी गेलो नाही.

मी शिवणकाम का शिकलो, माहितीये? सगळ्यांना वाटतं, हातात कला आहे. मला माझे शर्ट दुसऱ्या कुणाला मापायला द्यायचे नव्हते. छातीवर कापड दुहेरी घेतो, आत कडक अस्तर, दोन्हीकडे झाकणाचे खिसे, गडद चौकडी. मापाची फीत दुसऱ्या कुणी माझ्या अंगाभोवती धरलेली नाही.

लग्न करायला नको होतं. पण ती आवडली. वाटलं, लग्नाआधी काहीतरी करून टाकू. झालं नाही.

आता सगळ्यात वाईट ते सांगतो. ती गेली तेव्हा मी घरात होतो. टेबलावर ठेवलेलं तुझं पत्र तिने माझ्यासमोर सरकवलं. म्हणाली, "वाच." मी वाचलं. ती दारात चपला घालत होती. म्हणाली, "काही सांगायचंय?" एक वाक्य बोललो असतो तर ती थांबली असती. 'तुझ्याबद्दल नाही, माझ्याबद्दल विचारलं होतं.' एवढंच. माझी दातखीळ बसली. तिने वाट पाहिली, आत्या. मग गेली. स्वतःत खोट आहे असं समजून गेली, आणि मी जाऊ दिलं, कारण ते मला सोपं वाटलं.

आता मी ठरवलंय. बाजाराच्या रस्त्यावर असली ऑपरेशनं करणारं एक सेंटर आहे. सकाळी जायचं, संध्याकाळी घरी. तिथल्या माणसाने माझ्याकडे नीट बघितलंही नाही, म्हणाला, "हे तर आमचं रोजचंच." बरोबर नातेवाईक आणा म्हणाले, म्हणून मालकांच्या गाडीच्या ड्रायव्हरला भाऊ म्हणून उभं करणार आहे. तातडीचा नंबर म्हणून माझाच दुसरा नंबर दिलाय. ती परत येईल तेव्हा सगळं झालेलं असेल. मग सांगायलाच नको.

तुझ्यावर रागावलोय, पण तुझ्याशिवाय सांगू कुणाला?

बाळ्या


ता. १ मार्च

चि. बाळ्या,

मी आगाऊ म्हातारी आहे. तुझं पहिलं पत्र पुन्हा काढून वाचलं. 'एका माणसाला' असं सरळ लिहिलंयस तू, आणि मी त्याची बाई करून मोकळी झाले. वर शहाणपणाचं पत्र लिहून एका पोरीला घराबाहेर काढलं. ज्या वॉर्डात मी आयुष्य घालवलं तिथे तुझ्यासारखी कितीतरी मुलं आली होती, बाहीत हात आखडून, पाठीला पोक काढून बसायची. आणि माझ्या घरातलंच पोर तसंच पोक काढून बसायचं, तर मी म्हणायचे, "बाळ्या, ताठ बस." माझ्या तोंडात शेण घालावं असं झालंय.

पण लाज मागाहून वाटून घेईन. आधी हे ऐक. तू जाऊ नकोस. अजून गेला नसशील तर तारीख पुढे ढकल.

तुला आहे ते पाप नाही, बायकीपणाही नाही. वयात येताना कितीतरी मुलांना होतं, बहुतेकांचं जिरतं, काहींची गाठ तशीच राहते. पण का राहिली हे आधी बघायचं असतं. रक्त तपासायचं, सोनोग्राफी करायची. कधी एखाद्या औषधाने होतं, कधी यकृताचं दुखणं असतं, कधी दुसरीकडे कुठे गाठ असते आणि ही नुसती तिची हाक असते. ज्याने तुझ्याकडे न बघता 'रोजचंच' म्हटलं, त्याने यातलं काय तपासलं?

आणि ऑपरेशननंतर छाती घट्ट बांधून ठेवावी लागते, कित्येक आठवडे. वजन उचलायचं नाही. ताप, सूज, एका बाजूला अचानक ताण वाटला तर त्याच क्षणी डॉक्टर. हे बघायला घरात माणूस लागतं. ऑपरेशन लपवून करता येतं, पण लपवून बरं होता येत नाही.

तुला हे करून घ्यायचं असेल तर जरूर कर. मी तुला नको म्हणत नाही. तुझं अंग आहे, तुझा सल आहे. मी चांगल्या डॉक्टरबाई शोधून देते, बरोबर येते, बाहेर बाकावर बसते. पण त्याआधी सूनबाईला सांग. मी तिला लिहिणार होते, पेन हातात घेतलंही. मग खाली ठेवलं. एकदा तोंड घातलं तेवढं पुरे. हे तुझ्याच तोंडून तिला कळू दे.

लगेच उत्तर पाठव.

आत्या


ता. ११ मार्च

ती. आत्यांस सा. न.

आपलं यांना लिहिलेलं १ मार्चचं पत्र दाराच्या फटीत पडलं होतं. मी फोडलं. परवानगी विचारायला हे शुद्धीवर नव्हते.

घाबरू नका. आता जिवाचा धोका टळलाय. मी हॉस्पिटलातून लिहितेय.

काजवाल्या मावशींनी मला आईकडे फोन केला. "पोरी, रुसवे-फुगवे मागाहून कर, आधी ये," म्हणाल्या. हे कापायच्या टेबलापाशी कोसळले होते. ऑपरेशन होऊन मोजके दिवस झालेले, आणि हे कामावर हजर! छातीला बांधलेला पट्टा शर्टातून दिसतो म्हणून काढून ठेवलेला. वर कापडाचा तागा उचलला. डावी बाजू फुग्यासारखी फुगली, तरी कुणाला न सांगता कापत बसले. मालक म्हणाले, "उन्हाने चक्कर आली असेल." मावशींना शर्टावर डाग दिसला.

सेंटरला फोन लावला. एक मुलगी म्हणाली, "डॉक्टर बाहेरगावी आहेत, सोमवारी करा." मग आम्ही त्यांना रिक्षात घालून मोठ्या हॉस्पिटलात आणलं.

आत्या, तिथे नर्स शर्ट काढायला आली, तर यांनी दोन्ही हातांनी शर्टाच्या कडा धरून ठेवल्या. चेहरा कागदासारखा पांढरा, ओठ सुकलेले, आणि तोंडात एकच, "तिला बाहेर पाठवा. आधी तिला बाहेर पाठवा." मला तेव्हाही वाटलं, मी इतकी नकोशी आहे का? मी बाहेर गेले.

थोड्या वेळाने डॉक्टरबाई आल्या. म्हणाल्या, "आत रक्त साचलंय. लगेच उघडून काढावं लागेल. काही गोळ्या चालू आहेत का? ते तर नाही म्हणतात."

मी म्हटलं, "पाठदुखीच्या गोळ्या रोज घेतात. दिवसभर वाकून कापतात ना."

"रोज? ऑपरेशनच्या आधीही?"

"माझ्यासमोर तरी रोज घ्यायचे."

त्यांनी डोळे मिटून घेतले. म्हणाल्या, "त्या गोळ्यांनी रक्त लवकर थांबत नाही. हे आधी कुणी विचारलं नाही का?" मग म्हणाल्या, "छातीचा त्रास त्यांना कधीपासून होता?"

मी विचारलं, "कसला त्रास?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "तुम्ही पत्नी ना?"

मी हो म्हटलं. त्या 'हो'ची मला जेवढी लाज वाटली तेवढी कशाचीच वाटली नव्हती. बाकावर दुसऱ्या पेशंटची माणसं बसली होती, सगळी ऐकत होती. डॉक्टरबाईंनी मला बाजूला नेऊन समजावून सांगितलं, तेव्हा सगळं कळलं. आपलं पत्र वाचून उरलेलं कळलं.

ऑपरेशन झालं. डावीकडे खड्डा राहील म्हणतात. पहिल्यांदा ज्याने कापलं त्याने गाठीबरोबर खालची चरबीही खरवडून काढलीये.

आपण आगाऊपणा केलात असं लिहिलंय. केलात खरा. पण आपण निदान काहीतरी बोललात.

मी इथेच आहे. ते जागे झाले की भिंतीकडे तोंड करतात. मी खुर्चीवर बसते.

आपली,
सून


ता. १८ एप्रिल

प्रिय आत्या,

तू येऊन राहिलीस, गेलीस, आणि घर पुन्हा मुकं झालं. तू होतीस तोवर तुझ्याशी ओरडून बोलावं लागायचं, त्या निमित्ताने एकमेकांना ऐकू तरी जायचं.

तपासण्या झाल्या. तू म्हणालीस तसं कुठे दुसरी गाठबिठ नाही. डॉक्टरबाई म्हणाल्या, डावीकडचा खड्डा पुढे थोडा भरून काढता येईल, पण घाई नाही, आणि पुरता सपाट होईल असं वचन त्या देणार नाहीत. "हे हवंच आहे का, ते तुम्ही दोघं सावकाश ठरवा," म्हणाल्या. 'दोघं' म्हटल्यावर मी जमिनीकडे बघितलं.

ती परत आली ती माझ्या आजारपणासाठी आली, हे मला कळत होतं. औषधं वेळेवर, जेवण वेळेवर, पट्टा बदलायला मात्र मी हॉस्पिटलात जायचो, आणि ती बाहेर बाकावर थांबायची. मीच तसं सांगितलं होतं. तिने कधी वाद घातला नाही. मी माफी मागितली, एकदा नाही, पुष्कळदा. शेवटी ती म्हणाली, "तुझ्या छातीचं मला काही नाही रे. मी दारात उभी होते. मी विचारलं होतं तुला."

काल दुकानात एक गृहस्थ आले. पन्नाशीचे, बस चालवतात. नव्या गणवेशाचं माप द्यायचं होतं. मी फीत घेऊन पुढे झालो तर ते मागे सरकले. म्हणाले, "मास्टर, अंदाजानेच घ्या. समोरून जरा ढगळ ठेवा." आणि खांदे पुढे घेऊन, कोपर अंगाशी धरून उभे राहिले. आत्या, आरशात बघितल्यासारखं वाटलं मला.

मी त्यांना मापाच्या खोलीत नेलं, पडदा ओढला. मला काय झालं कळेना. म्हटलं, "साहेब, मलाही होतं." ते म्हणाले, "काय होतं?" मग मी शर्ट काढला.

उजवी बाजू सपाट आहे, डावीकडे वाटीएवढा खड्डा, आणि खाली लाल शिवण. माझ्यासारख्या कटरला तसली शिवण बघवत नाही. ते बघत राहिले. मी म्हटलं, "ही बाजू चांगली झालीये. ही माझ्या लपवाछपवीने गेली. करायचं असेल तर करा, नाहीतर नका करू, पण आधी तपासण्या करा. चांगल्या डॉक्टरकडे जा. घेता त्या सगळ्या गोळ्या सांगा. आणि एकटे जाऊ नका." तू मला जे लिहिलंस तेच सांगितलं. तुझं सांगणं मी दुसऱ्याला सांगताना मला पहिल्यांदा नीट ऐकू आलं.

त्यांनी खांदे जरा मागे घेतले. मग विचारलं, "घरी ठाऊक आहे तुमच्या?"

मी म्हटलं, "आहे."

"बायकोने बघितलं?"

मी शर्ट चढवला आणि फीत शोधू लागलो. ती माझ्या गळ्यातच होती.

संध्याकाळी घरी आलो. ती नुकतीच कामावरून आलेली, खिडकीशी बसून चष्मे पुसायचे कपडे घडी घालत होती. मी तिला त्या ड्रायव्हरची सगळी गोष्ट सांगितली. ऐकताना तिचे हात थांबले.

"शर्ट काढून दाखवलंस?"

"हो."

"परक्या माणसाला?"

"हो."

ती हसली असं मला आधी वाटलं. हसली नव्हती. म्हणाली, "मग मीच तेवढी बाहेर बाकावर बसलेय अजून."

मी उठून खिडकीचा पडदा ओढायला गेलो. ती म्हणाली, "उजेड असू दे."

बाहेर भरपूर उजेड होता, आत्या. समोरच्या गच्चीवर कुणी कपडे वाळत घालत होतं. मी पडदा सोडून दिला. तिच्यासमोर उभा राहिलो. आयुष्यभर बटणं लावण्यात गेलं माझं, पण काल पहिलं बटण काढायला मला इतका वेळ लागला, की शेवटी तीच उठून जवळ आली.

तुझा,
बाळ्या